पेक्षा, दॅन आणि मास : तुलना शिकवताना तीन भाषांची मदत



आठवी-नववीच्या इंग्रजीच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं : 'काळम्मावाडी डॅम इज बिग दॅन राधानगरी डॅम.' आपण लाल पेनाने 'बिग'वर काट मारतो आणि वर 'बिगर' लिहितो. पुढच्या आठवड्यात तोच विद्यार्थी 'मोअर बिगर' लिहून आणतो. पुन्हा काट. मग आपण म्हणतो, "किती वेळा सांगितलं, लक्षच नसतं याचं!"

पण ही चूक दुर्लक्षाची नाही. ते मूल मराठीचं व्याकरण अगदी बरोबर पाळतंय, फक्त ते इंग्रजीत नेऊन ठेवतंय. हे एकदा आपल्या लक्षात आलं की 'डिग्री ऑफ कम्पॅरिझन' हा धडा घोकंपट्टीतून बाहेर काढता येतो. त्यासाठी या लेखात मराठी आणि इंग्रजीच्या जोडीला तिसरी भाषा घेतली आहे, ती म्हणजे स्पॅनिश. बिद्रीसारख्या गावात स्पॅनिश कशाला, हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पुढे येईलच. आधी आपल्या घरातल्या भाषेपासून सुरुवात करू.

तुलनेला लागणाऱ्या चार गोष्टी

'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण फळ्यावर लिहा. मुलांना विचारा, या वाक्यात काय काय आहे? थोड्या वेळात चार गोष्टी निघतात.

१. ज्याच्याबद्दल बोलायचं ती वस्तू : वीट
२. जिच्याशी ताडून बघायचं ती वस्तू : दगड
३. मोजपट्टी : मऊपणा
४. तुलनेची खूण : पेक्षा

आता दुसरा प्रश्न विचारा, "मग वीट मऊ असते का?" वर्ग हसतो. वीट काही मऊ नसते, डोक्यात बसली तर कळेल! म्हणजे 'दगडापेक्षा मऊ' म्हटल्याने वीट 'मऊ' ठरत नाही. तुलना फक्त दोघांमधलं नातं सांगते. वस्तू मुळात कशी आहे, हे ती सांगत नाही. हा मुद्दा इंग्रजीच्या पुस्तकात सहसा नसतो, पण मुलांना म्हणीतून तो एका मिनिटात कळतो.

मोजपट्टीचं महत्त्व पटवायला आपल्या भागात ऊस आहेच. 'हा ऊस त्या उसापेक्षा चांगला' असं कुणी म्हटलं तर लगेच विचारायला हवं, कशात? शेतकरी टनेज बघतो, एकरी किती टन निघाला ते. दूधगंगा-वेदगंगा, म्हणजे आपल्या तोंडातला 'बिद्री कारखाना', किंवा दुसरा कुठलाही कारखाना टनेजसोबत उताराही बघतो, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर मिळाली ते. एखादा ऊस टनेजला भारी आणि उताऱ्याला हलका असू शकतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, मोजपट्ट्या वेगळ्या असतात एवढंच. आमच्या भागातल्या मुलांना हे उदाहरण समजावून सांगावं लागत नाही, घरी जेवताना हीच चर्चा चालू असते.

खूण कुणाच्या अंगावर?

आता मूळ चुकीकडे येऊ. तिन्ही भाषांत तुलनेला वरच्या चार गोष्टी लागतातच. फरक आहे तो खूण कुठे लावायची यात.

मराठीत आपण म्हणतो, 'काळम्मावाडी धरण राधानगरीपेक्षा मोठं आहे.' यात 'मोठं' हा शब्द जसाच्या तसा राहिला. 'धरण मोठं आहे' मध्ये जो 'मोठं', तोच इथेही. खूण बसली ती राधानगरीच्या अंगावर : राधानगरी-पेक्षा. आपण 'अधिक मोठं', 'जास्त मोठं' असंही म्हणतो, पण ते 'अधिक' गाळलं तरी अर्थ बिघडत नाही. 'पेक्षा' गाळलं तर मात्र वाक्यच कोसळतं.

हा 'पेक्षा' आला आहे संस्कृत 'अपेक्षा'वरून. 'राधानगरीच्या अपेक्षेने', म्हणजे राधानगरीशी ताडून बघितलं तर. 'सापेक्ष' हा विज्ञानाच्या पुस्तकातला शब्दही त्याच घरातला. 'पेक्षा'च्या जोडीला 'हून' आहे : याहून, त्याहून, शंभराहून. आणि आपल्या गावाकडच्या बोलीत आहे 'परास' : 'ह्यो ऊस त्येच्यापरास मोठा हाय.' वर्गात कुणी 'परास' म्हटलं तर कृपा करून त्याला 'चूक' म्हणू नका. व्याकरण तेच आहे, खूण योग्य जागी बसली आहे. 'प्रमाण मराठीत इथे पेक्षा लिहितात' एवढंच सांगितलं की पुरे.

इंग्रजी खूण लावते ती गुणाच्याच अंगावर. 'बिग'चं 'बिगर', 'टॉल'चं 'टॉलर'. शब्द लांबलचक असेल तर समोर 'मोअर' : 'मोअर ब्यूटिफुल'. आणि वर 'दॅन' आहेच. मराठी मुलासाठी हे संपूर्ण नवं आहे. जन्मापासून त्याने 'मोठं' हा शब्द तुलनेसाठी बदललेला ऐकलेलाच नाही. त्यामुळे तो 'पेक्षा'च्या जागी 'दॅन' ठेवतो, 'मोठं'च्या जागी 'बिग' ठेवतो, आणि त्याच्या लेखी वाक्य पूर्ण होतं. 'इज बिग दॅन' जन्माला येतं ते असं.

दुसरी गोष्ट क्रमाची. मराठीत आधी राधानगरी, मग 'पेक्षा', मग 'मोठं'. इंग्रजीत आधी 'बिगर', मग 'दॅन', मग राधानगरी. अगदी आरशातल्यासारखं उलटं. म्हणून काही मुलं 'राधानगरी दॅन बिग' असंही लिहितात. फळ्यावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून बाण काढून दाखवले की मुलं स्वतःच म्हणतात, "सगळं उलटं हाय की!"

स्पॅनिश मधला पूल

आता स्पॅनिश. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड किती आहे ते वेगळं सांगायला नको. विश्वचषक आला की गल्लोगल्ली अर्जेंटिना आणि ब्राझीलचे झेंडे लागतात. मुलांच्या तोंडी 'ला लीगा' आणि 'एल क्लासिको' असतं. हे शब्द स्पॅनिश आहेत. अर्जेंटिनासह वीसएक देशांची ती राजभाषा. मोबाइलवर भाषा शिकवणारी ॲप्स मुलं उघडतात तेव्हा त्यात स्पॅनिश असतेच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही माध्यमिक स्तरावर शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये तिचं नाव आहे. म्हणजे आज ना उद्या एखादं मूल किंवा पालक आपल्याला विचारणारच.

पण माझं कारण याहून साधं आहे. तुलनेच्या बाबतीत स्पॅनिश ही मराठी आणि इंग्रजीच्या बरोबर मधे उभी आहे. वाक्याचा क्रम इंग्रजीसारखा, आणि गुणाचा शब्द मराठीसारखा न बदलणारा. ती दहा मिनिटं दाखवली तर मुलांना इंग्रजीचं कोडं उलगडायला मदत होते.

स्पॅनिशमध्ये 'जास्त'ला 'मास', 'कमी'ला 'मेनोस', आणि 'दॅन'च्या जागी 'के'. 'आल्तो' म्हणजे उंच (आल्टो गाडीमुळे शब्द लगेच लक्षात राहतो). 'कान्या' म्हणजे ऊस, 'माईस' म्हणजे मका.

- ला कान्या एस मास आल्ता के एल माईस. (ऊस मक्यापेक्षा उंच आहे.)
- एल माईस एस मेनोस आल्तो के ला कान्या. (मका उसापेक्षा कमी उंच आहे.)

'आल्तो'चं 'आल्ता' का झालं? कारण स्पॅनिशमध्ये 'कान्या' स्त्रीलिंगी आहे आणि 'माईस' पुल्लिंगी. आपल्याकडे 'मोठा वाडा, मोठी वाडी' होतं तसंच. म्हणजे शब्द बदलला तो लिंगामुळे, तुलनेमुळे नाही. तुलनेचं सगळं ओझं 'मास'ने उचललं. इंग्रजीत 'टॉलर'च्या शेवटी जो 'अर' चिकटतो, त्याचं काम इथे सुटा 'मास' करतो. मुलांना सांगा, "इंग्रजीने लांब शब्दांसाठी 'मोअर' ठेवला, स्पॅनिशने जवळजवळ सगळ्यांसाठी 'मास' ठेवला." इथे 'मोअर बिगर' का चुकतं तेही कळतं : 'बिगर'मध्ये 'मोअर' आधीच शिरलेला आहे. दोनदा कशाला?

सारखेपणा सांगायचा असेल तर 'तान ... कोमो' ही जोडी. मराठीत त्या जागी 'एवढा' किंवा 'इतका', इंग्रजीत 'ॲज ... ॲज'.

- एल माईस नो एस तान आल्तो कोमो ला कान्या. (मका उसाएवढा उंच नाही.)

आणखी एक बारकावा. मागे आकडा आला की स्पॅनिश 'के' सोडून 'दे' वापरते : 'मास दे सिएन', म्हणजे शंभराहून अधिक. वस्तूशी तुलना वेगळी आणि आकड्याची हद्द ओलांडणं वेगळं, असा तो भेद आहे. मराठीत सक्तीचा नियम नाही, पण कान देऊन ऐका : आपणही 'भावापेक्षा उंच' म्हणतो आणि 'शंभराहून अधिक' म्हणतो. आकड्यापुढे 'हून' आपल्या तोंडात जास्त सहज येतं.

'जगात भारी' : सर्वांत श्रेष्ठ कसं सांगायचं?

आता सुपरलेटिव्ह डिग्री. इथे कोल्हापूरकरांना उदाहरण शोधायला लांब जायला नको. 'जगात भारी, कोल्हापुरी!' या घोषणेत 'सर्वांत' नाही, 'सर्वश्रेष्ठ' नाही, 'पेक्षा' पण नाही. 'भारी' हा साधा शब्द आणि 'जगात' हे कुंपण. एवढ्यावर काम झालं. मराठीत एखाद्या गुणाभोवती कुंपण घातलं की तो आपोआप त्या कुंपणातला सर्वोच्च गुण होऊ शकतो : 'घरात उंच कोण?', 'वर्गात हुशार कोण?' 'सर्वांत मोठा' मधलं 'सर्वांत' हेही कुंपणच आहे, 'सगळ्यांच्या आत' असं. (छापील मजकुरात 'सर्वात' आणि 'सर्वांत' दोन्ही दिसतात. अनेकांमधला एक सांगायचा असतो, म्हणून इथे अनेकवचनी 'सर्वांत' वापरलं आहे.)

तिन्ही भाषा शेजारी ठेवून बघा.

- मराठी : कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर आहे.
- इंग्रजी : कळसूबाई इज द हायेस्ट पीक इन महाराष्ट्रा.
- स्पॅनिश : कळसूबाई एस एल पिको मास आल्तो दे महाराष्ट्रा.

इंग्रजीने पुन्हा गुणाचं रूप बदललं : 'हाय, हायर, हायेस्ट'. स्पॅनिशने मात्र नवीन काहीच आणलं नाही. तोच 'मास आल्तो', फक्त शिखराच्या आधी 'एल' लागला. 'एल' म्हणजे इंग्रजीतला 'द', बोट दाखवून 'तोच तो' म्हणणारा. 'जास्त उंच असलेलं ते एकमेव शिखर' म्हणजेच सर्वांत उंच. स्त्रीलिंगी नाम असेल तर 'ला' आणि 'आल्ता'. इंग्रजीत सुपरलेटिव्हच्या आधी 'द' विसरणाऱ्या मुलांना हे जरूर दाखवा. स्पॅनिशमध्ये तो छोटा शब्द गळला तर बऱ्याचदा सुपरलेटिव्हच उरत नाही.

कुंपण सांगायला मराठीत 'त' किंवा 'तला' (महाराष्ट्रात, महाराष्ट्रातलं), इंग्रजीत 'इन' किंवा 'ऑफ', आणि स्पॅनिशमध्ये 'दे', म्हणजे 'चा'. 'जगातला सर्वोत्तम खेळाडू' हे स्पॅनिशमध्ये 'एल मेहोर हुगादोर देल मुंदो', शब्दशः 'जगाचा'.

खेळाडूंचा विषय निघालाच आहे तर एक प्रयोग करा. 'मेस्सी मोठा, मॅराडोना मोठा की पेले?' असा वाद वर्गात लावून द्या. दोन मिनिटांत आरडाओरडा सुरू होईल. मग थांबवून विचारा, मोजपट्टी कोणती? विश्वचषक मोजायचे तर पेले १९५८, १९६२ आणि १९७० अशा तीन विजेत्या संघांत होते, मॅराडोना १९८६च्या, मेस्सी २०२२च्या. गोल मोजायचे तर हिशोब वेगळा. 'बघायला मजा कुणाची येते' हे मोजायचं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. वाद मिटत नाही, पण वाद कशाचा आहे ते मुलांना कळतं.

असाच प्रयोग सामान्यज्ञानाच्या पुस्तकातल्या लाडक्या प्रश्नावर करा : 'महाराष्ट्रातील सर्वांत मोठे धरण कोणते?' कुणी कोयना म्हणतं, कुणी उजनी, कुणी जायकवाडी. एकूण पाणीसाठा धरला तर उजनी सुमारे ११७ टीएमसी आणि कोयना सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे उजनी मोठं. पण उजनीतला ६३ टीएमसीहून अधिक साठा मृतसाठा आहे, वापरता येतो तो सुमारे ५३ टीएमसी. कोयनेचा वापरता येणारा साठा १०० टीएमसीच्या आसपास, म्हणजे त्या पट्टीवर कोयना मोठं. 'सर्वांत मोठे' हे दोन शब्द ऐकले की 'कशात?' आणि 'कुठल्या कुंपणात?' हे दोन प्रश्न मुलांच्या तोंडी आले पाहिजेत. स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या मोठ्या मुलांनाही याचा उपयोग होतो.

आपली जवळची धरणंही घ्या. दूधगंगेवरचं काळम्मावाडी सुमारे २५ टीएमसीचं, भोगावतीवरचं राधानगरी सुमारे ८ टीएमसीचं. म्हणजे काळम्मावाडी राधानगरीच्या साधारण तिप्पट. आमच्या कुंपणात काळम्मावाडी भलंमोठं, कोयनेशेजारी ठेवलं तर चौथ्या हिश्श्याचं. एकच धरण, कुंपण बदललं की मोठंही आणि लहानही.

जाता जाता : इंग्रजीतल्या 'वन ऑफ द बिगेस्ट'चं भाषांतर मुलं 'सर्वांत मोठ्या धरणांपैकी एक' असं करतात. वर्तमानपत्रांतही ते दिसतं. पण 'सर्वांत मोठं' एकच असणार ना? मराठीत 'मोठ्या धरणांपैकी एक' एवढं पुरतं.

नियम मोडणारे शब्द

प्रत्येक भाषेत काही शब्द शिस्त मोडतात, आणि गंमत म्हणजे बहुतेक ठिकाणी ते 'चांगला' आणि 'वाईट' हेच असतात. इंग्रजीत 'गुड, बेटर, बेस्ट' आणि 'बॅड, वर्स, वर्स्ट'. स्पॅनिशमध्ये 'बुएनो'चं 'मेहोर' आणि 'मालो'चं 'पेओर'. 'मास मेहोर' म्हणणं तिथेही चुकीचं धरतात, 'मोअर बेटर'सारखंच. म्हणजे ही चूक फक्त आपल्या मुलांची नाही.

मराठीत असं काही आहे का? आहे की! 'बरा' हा शब्द बघा. 'पेपर कसा गेला?' 'बरा गेला.' इथे 'बरा' म्हणजे जेमतेम, फार चांगला नाही. पण 'एसटीची वाट बघत बसण्यापेक्षा चालत गेलेलं बरं' इथे 'बरं' म्हणजे अधिक चांगलं. 'पेक्षा' शेजारी आला की 'बरा'ची पायरी चढते. इंग्रजी 'बेटर'च्या जागी नेमका हाच शब्द चपखल बसतो.

वयाच्या बाबतीत स्पॅनिशमध्ये 'मायोर' आणि 'मेनोर' आहेत : 'एर्माना मायोर' म्हणजे थोरली बहीण, 'एर्मानो मेनोर' म्हणजे धाकटा भाऊ. आपल्या 'थोरला' आणि 'धाकटा'मध्येही तुलना आतच भरलेली आहे. 'थोरला' म्हटलं की कुणापेक्षा तरी थोरला हे आलंच.

आता एक गोष्ट मुलांना खूप आवडते. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, बलिष्ठ हे शब्द फळ्यावर लिहा आणि शेवटच्या 'इष्ठ'खाली रेघ मारा. शेजारी 'बिगेस्ट, टॉलेस्ट' लिहून 'एस्ट'खाली रेघ मारा. संस्कृतचा 'इष्ठ' आणि इंग्रजीचा 'एस्ट' एकाच मूळ प्रत्ययाच्या दोन शाखा आहेत. म्हणजे आठवीतल्या मुलाला परका वाटणारा 'एस्ट' त्याच्या 'ज्येष्ठ नागरिक' मध्ये आधीच बसलेला आहे!

दुसरा संस्कृत प्रत्यय 'तम'. तो तर गणिताच्या तासाला रोज भेटतो : लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, मसावि म्हणजे महत्तम साधारण विभाजक. लघुतम म्हणजे सर्वांत लहान, महत्तम म्हणजे सर्वांत मोठा. लसावि-मसावि यांत गोंधळणाऱ्या मुलाला शब्द फोडून दिला तर गणितही सोपं होतं. भाषेच्या शिक्षकाने गणिताच्या शिक्षकाला केलेली ही छोटी मदत.

तुलना नाही, तरी टोक

कधी कधी आपल्याला कुणाशी तुलना करायची नसते, फक्त 'खूपच' म्हणायचं असतं. स्पॅनिशमध्ये त्यासाठी 'ईसिमो' हा प्रत्यय आहे : 'आल्तो'चं 'आल्तीसिमो', खूप खूप उंच. 'दुल्से' म्हणजे गोड, त्याचं 'दुल्सीसिमो'. मराठीचं भांडार याबाबतीत फार श्रीमंत आहे : गोडमिट्ट, कडूजहर, लालभडक, पिवळाधमक, काळाकुट्ट, हिरवागार, पांढराशुभ्र. आणि आपला 'लई' आहेच. इथे 'कुणापेक्षा?' हा प्रश्न विचारायचा नसतो. पाचवी-सहावीच्या मुलांना असे शब्द गोळा करायला सांगा, आजी-आजोबांकडून वही भरून आणतील.

साखरेच्या गावात आणखी एक भेट. स्पॅनिशमध्ये साखरेला 'आसूकार' म्हणतात. हा शब्द अरबीतून आला, अरबीत तो फारसीमार्गे पोचला, आणि त्याचं मूळ आहे आपल्या संस्कृतातली 'शर्करा'.

चाळीस मिनिटांचा तास

१. पहिली पाच मिनिटं : 'दगडापेक्षा वीट मऊ'. चार गोष्टी शोधणं.
२. पुढची दहा मिनिटं : टेबलावर उसाचं कांडं, गुळाचा खडा आणि वाटीत काकवी ठेवा. 'काकवी गुळापेक्षा पातळ', 'कांडं खड्यापेक्षा लांब' अशी वाक्यं मुलांनीच मराठीत करायची.
३. पुढची पंधरा मिनिटं : फळ्याचे तीन भाग. मराठी, स्पॅनिश, इंग्रजी. प्रत्येक वाक्यात तुलनेची खूण लाल खडूने रंगवायची. मराठीत लाल रंग दुसऱ्या वस्तूला चिकटतो, स्पॅनिशमध्ये गुणाच्या आधी सुटा येतो, इंग्रजीत गुणाच्या शेपटीला लागतो. तीन भाषांचा फरक डोळ्यांना दिसतो.
४. शेवटची दहा मिनिटं : 'सर्वांत' आणि कुंपण. धरणांचे आकडे द्या, वाक्यं मुलं करतील.

एक पथ्य पाळा. उदाहरणांत वर्गातल्या मुलांना उभं करू नका. 'हा त्याच्यापेक्षा उंच, ती तिच्यापेक्षा जाड' हे व्याकरण शिकवायला सोपं वाटतं. तास संपला की आपण विसरतो, ज्याला 'कमी' म्हटलं ते मूल विसरत नाही.

प्रगतिपुस्तकातली 'पेक्षा'

शेवटी एका गंभीर गोष्टीकडे येतो. तुलनेचं व्याकरण मुलांपेक्षा आपल्यालाच जास्त लागतं. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिताना आपण लिहून जातो, 'इतर मुलांपेक्षा मागे आहे.' वरच्या चार गोष्टी लावून बघा. इतर म्हणजे कोण? मागे म्हणजे कशात? मोजपट्टी नाही, कुंपण नाही. राहिली ती फक्त खूण, आणि ती थेट मुलाच्या अंगावर बसली.

घरीही तेच. 'शेजारच्या मुलाकडे बघ, तुझ्यापेक्षा किती चांगला!' मोठं माणूस बोलून मोकळं होतं. मुलाच्या मनात 'कशात?' हा प्रश्न येतो, पण तो विचारायची सोय नसते. मग ते स्वतःच उत्तर भरतं : सगळ्यातच. 'पेक्षा' आणि 'अपेक्षा' हे शब्द एका घरातले आहेत, हे अशा वेळी आठवावं.

तुलना करायचीच तर दुसरी वस्तू बदलता येते. स्पॅनिशमध्ये 'कादा दिया मेहोर' म्हणतात, दिवसेंदिवस अधिक चांगलं. इथे कालचं मूल आणि आजचं मूल अशा दोघांची तुलना आहे. नोंदी अशा बदलून बघा :

- 'वाचनात इतरांपेक्षा मागे' याऐवजी : 'जूनमध्ये जोडाक्षरांपाशी अडखळत होती. आता पूर्ण परिच्छेद न थांबता वाचते.'
- 'वर्गात सर्वांत हुशार' याऐवजी : 'तोंडी गणितात वर्गात सर्वांत जलद. लेखी उत्तरात पायऱ्या गाळतो, त्या लिहिण्याचा सराव हवा.'

दुसऱ्या नोंदीत 'सर्वांत' राहिलंच आहे. ते काढायची गरज नाही, कारण आता त्याला मोजपट्टीही आहे आणि कुंपणही.

सरावासाठी

१. 'नाकापेक्षा मोती जड' या म्हणीत चार गोष्टी शोधा.
२. 'कोयना डॅम इज मोअर बिगर दॅन राधानगरी डॅम' यातली चूक दुरुस्त करा आणि कारण सांगा.
३. 'एस्कुएला' म्हणजे शाळा, 'कासा' म्हणजे घर, 'ग्रांदे' म्हणजे मोठं. दोन्ही नामं स्त्रीलिंगी. 'शाळा घरापेक्षा मोठी आहे' हे स्पॅनिशमध्ये सांगा.
४. 'आर्बोल' म्हणजे झाड (पुल्लिंगी), 'देल पुएब्लो' म्हणजे गावाचं. 'गावातलं सर्वांत उंच झाड' कसं म्हणाल?
५. 'दुसरं कोणतंच शिखर कळसूबाईएवढं उंच नाही' (महाराष्ट्रात) हे 'सर्वांत' वापरून लिहा.

उत्तरं : १. मोती, नाक, जडपणा, पेक्षा. २. 'मोअर' काढा, 'बिगर'मध्ये तुलना आधीच आहे. ३. ला एस्कुएला एस मास ग्रांदे के ला कासा. ४. एल आर्बोल मास आल्तो देल पुएब्लो. ५. महाराष्ट्रात कळसूबाई हे सर्वांत उंच शिखर आहे.

पाचवा प्रश्न दहावीच्या इंग्रजीतल्या 'नो अदर' या रचनेची पूर्वतयारी आहे. आधी मराठीत दोन्ही वाक्यं करून घ्या, मग इंग्रजीत न्या. मराठीत अर्थ पक्का झालेल्या मुलाला 'नो अदर पीक इन महाराष्ट्रा इज ॲज हाय ॲज कळसूबाई' हे पाठ करावं लागत नाही.